मंडळाच्या खोलीत कोणी राहत नाही

आमच्या चाळीच्या पायऱ्यांवर सकाळी एक माणूस बसायचा आणि जो कोण वर-खाली जाईल त्याच्याकडे बघून फक्त एक शब्द बोलायचा. उतरणाऱ्याला "गेला." चढणाऱ्याला "आला." बाई असेल तर "गेली", "आली." राम राम नाही, नमस्कार नाही. नवीन भाडेकरूंना वाटायचं, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला आहे. जुन्यांना सवय होती. एखाद्या दिवशी तो काहीच बोलला नाही तर माणसं चार पायऱ्या परत चढून विचारायची, "काय रे, बरं नाही का तुला?"

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर गावाहून फोन करून विचारेल, कुणाच्या परवानगीने लिहिलंत. गेल्या महिन्यात त्याच्या भाचीने त्याला गावी नेलं, गुडघे गेले म्हणून. तिथून फोन लावतो अधूनमधून. कसे आहात वगैरे विचारत नाही. "जेवायला किती जण बसलेत?" हा पहिला प्रश्न. मी सांगत नाही.

चाळीत त्याला सगळे टायमिंग म्हणायचे. कांजूरच्या एका कारखान्यात तो टाइमऑफिसात शिपाई होता. गेटवर उभं राहून कोण आला, कोण गेला, कुणाचं कार्ड पंच झालं, कुणाचं राहिलं, हे बघायचं. तीस वर्षं तेच केलं. कारखाना बंद झाला, गेट मोडलं, तिथे काचेची बिल्डिंग उभी राहिली, पण ह्याची ड्युटी सुटली नाही. रिटायर होताना बाकीच्यांनी घड्याळ घेतलं. ह्याने साहेबाकडे कँटीनचं ताट मागितलं. कप्प्यांचं, स्टीलचं, मागे टोकन नंबर कोरलेलं. म्हणाला, "घड्याळ कुणाच्याही हातावर चालतं. ह्या ताटात तीस वर्षं मीच जेवलोय."

तो सगळं मोजायचा. आमच्या चाळीला डोंगर चढून यायला एकशे चौदा पायऱ्या आहेत, हे मला त्याच्यामुळे कळलं. मी चाळीस वर्षं चढतोय, मला कधी गरज वाटली नाही. बांगडा खाल्ला की काटे ताटाच्या एका कप्प्यात रांगेत लावायचा. मयताला गेला तरी मोजायचा. एकदा स्मशानात मला कोपर मारून म्हणाला, "अध्यक्ष, एकोणपन्नास. तुमच्या मेव्हण्याला बावन्न होते."

मी अध्यक्ष म्हणजे चाळीच्या गणपती मंडळाचा. बावीस वर्षं आहे. गिरणीत साचेवाला होतो, म्हणजे माग चालवायचो. शाळा तिसरीपर्यंत. त्याच्यापुढे मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. पण बावीस वर्षांत मला त्या खुर्चीवरून उठवणारा शिकलेला माणूस अजून चाळीत जन्माला यायचा आहे.

तर ह्या टायमिंगचं एक दुःख होतं, आणि ते तो दुःख म्हणून नाही, तक्रार म्हणून सांगायचा. एवढं आयुष्य मोजण्यात गेलं, पण त्याला स्वतःला सरकारने एकदाही मोजलेलं नव्हतं. लहान असताना मामाकडे राहायचा. जनगणनेवाले गावी आले तेव्हा आई म्हणाली, तो मामाकडे. मामाकडे आले तेव्हा मामी म्हणाली, तो आमचा नाही, आईकडचा. मुंबईत आला तर खोलीत अकरा जण. खोलीवाल्याने भीतीने पाचच सांगितले, हा सहावा. नंतर एकदा भावाकडे होता, पण त्या दिवशी हा दुसऱ्या बिल्डिंगीत जनगणनेच्या मास्तरांना जिने दाखवत फिरत होता. घरी आला तोवर घर मोजून झालं होतं. वहिनी म्हणाली, "अगंबाई, तुम्ही राहिलातच की!"

टीव्हीवर देशाची लोकसंख्या सांगितली की हा मोठ्याने म्हणायचा, "अधिक एक." लोक हसायचे. तो हसायचा नाही. "देशात एक माणूस कमी आहे, अध्यक्ष. आणि कोण कमी आहे ते फक्त मला माहीत आहे."

भावाने घर विकलं तेव्हा तो आमच्या मंडळाच्या खोलीत आला. ही खोली पायऱ्यांच्या तोंडाशी, दहा बाय आठची. आत मखर, ढोलकी, टाळांची पेटी आणि गेल्या सतरा गणपतींच्या प्रभावळी. सामानाला राखण हवीच होती. पण आमच्या डोंगरावर महिन्याला एक बिल्डर टेप घेऊन येतो. एकदा माणूस खोलीत शिरला आणि कागदावर आला की त्याला बाहेर काढायला ब्रह्मदेव लागतो. म्हणून मी त्याच्याकडून स्टँप पेपरवर लिहून घेतलं. मजकूर माझा, अक्षर सुनेचं: "मी या खोलीत राहत नाही. मी सामान राखतो. खोलीवर माझा हक्क नाही." सून म्हणाली, "बाबा, राहत नाही असं कसं लिहायचं? झोपणार तर तिथेच ना?" मी म्हटलं, लिही.

त्याने तो कागद तीनदा वाचला, सही केली आणि पाठ केला. त्यानंतर कुणी विचारलं, "काय टायमिंग, कुठे राहता हल्ली?" की तो म्हणायचा, "राहत नाही. राखतो."

जेवायला तो आमच्याकडे यायचा. मी बोलावलं नव्हतं. एका विसर्जनाला सगळे जेवून गेले आणि हा खोलीच्या दारात चणे मोजत बसलेला माझ्या बायकोने बघितला. तिने त्याला तिथूनच ओरडून सांगितलं, "उद्यापासून माझ्याकडे जेवूक ये. ताट घेवन ये." तो ताट घेऊन आला. त्या दिवसापासून ताट आमच्या मांडणीवर आणि तो आमच्या उंबऱ्यावर. आत यायचा नाही. अर्धा आत, अर्धा बाहेर बसून, पाठ आमच्याकडे करून जेवायचा. नऊ वर्षं. का, तर कागदात ह्या घराबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

यंदा जनगणनेची पहिली फेरी येणार असं कळलं आणि टायमिंगच्या अंगात आलं.

पहिलं त्याने मंडळाचा भोंगा काढला. आमच्याकडे पाणी पहाटे येतं आणि तेवढाच एक तास सगळी चाळ जागी आणि एका जागी असते. बायका हंडे घेऊन रांगेत, पुरुष दात घासतायत, आणि ह्याचा भोंगा: "बंधू-भगिनींनो! पाणी आलेलं आहे! तशीच जनगणना येणार आहे! पाणी भरून ठेवता, तशी माहिती भरून ठेवा! एक चूल म्हणजे एक कुटुंब! जो ज्या चुलीवर जेवतो तो त्या घरचा!" कचऱ्याच्या डंपिंगवरून वारा आला की लोक नाकाला फडकं लावतात, ह्या आठवड्यात कानाला लावत होते. नळावरच्या एकीने विचारलं, "भावजी, माझा नवरा हॉटेलात जेवतो. तो हॉटेलवाल्याच्या घरचा काय?" हा भोंगा खाली न ठेवता म्हणाला, "त्याला घरी जेवायला शिकवा!"

मग त्याने रंगीत तालीम ठेवली. गावी नमनाच्या खेळाआधी जशी तालीम करतात, तशी जनगणनेची. मंडळापुढच्या जागेत टेबल, त्यावर सतरंजी, हा खुर्चीवर, गळ्यात टाय. टाय कारखान्यातल्या साहेबाने टाकून दिलेला. त्याने प्रश्न कुठून तरी छापून आणले होते. पहिलं घर आमच्या शेजारचं. नवरा पोस्टातून रिटायर, बायको फणसासारखी, वरून काटे आणि आत गोड.

"कुटुंबप्रमुख कोण?" टायमिंगने विचारलं.

"मी," शेजारी म्हणाला.

त्याची बायको एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

"घरात मुख्य धान्य कुठलं खाता?"

"भात," शेजारी म्हणाला.

तिचं हसू थांबलं. "भात? तुम्हांला शुगर निघाल्यापासून दोन वर्षं मी भाकऱ्या थापतेय. भात कुठे खाता?"

शेजारी उठायला लागला. टायमिंग पेन धरून म्हणाला, "उत्तर द्या. सरकारपासून काही लपवायचं नसतं."

"बहिणीकडे," शेजारी म्हणाला. "दुपारी."

"म्हणजे चूल बहिणीची!" टायमिंगने टेबलावर हात आपटला. "तुम्ही ह्या कुटुंबात येतच नाही!"

शेजाऱ्याकडे पुढे तीन दिवस भातही शिजला नाही आणि भाकरीही. तालमीला दुसरं घर आलं नाही. पण टायमिंग खूष होता. म्हणाला, "बघा अध्यक्ष, तालीम नसती तर खऱ्या दिवशी घोटाळा झाला असता."

मी तालमीला गेलो नव्हतो. लांबून बघत होतो. कारण मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की माझ्या दाराशी कुणी माणसं मोजायला यायचं नाही. आमच्या आईचा दंडक होता: ताटां मोजूची, माणसां मोजूची नाय. आमच्याकडे गावी जेवायला कधी बारा, कधी वीस. आई ताटं मांडायची, पण किती माणसं असं तोंडाने बोलायची नाही. माणसाचा आकडा बोलला की त्यातला एक कमी होतो म्हणायची. मी तो दंडक आयुष्यभर पाळला आहे. माझ्या लग्नाच्या पंक्तीतसुद्धा पाळला, त्यात जेवण कमी पडलं, पण पाळला.

टायमिंगला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून बोलला. "मग तुमच्या घरात कोणीच नाही असं होणार! रिकामं घर! चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

"माणूस असून नसल्यासारखा राहतो, अध्यक्ष. तुम्हांला कळायचं नाही. तुम्ही कधी राहिलेला नाहीत."

"तू तुझं बघ रे," मी म्हटलं आणि दार लावलं. त्या दिवशीही तो जेवायला आला. पाठ करून बसला, रोजच्यासारखा. फक्त काटे रांगेत लावले नाहीत.

खरी भानगड त्याने पुढे केली. कुणीतरी त्याला सांगितलं की मोजणीवाले आधी प्रत्येक दारावर नंबर लिहितात. ह्याला वाटलं, मोजणीला येणाऱ्या बाईंना आपल्या एकशे चौदा पायऱ्या चढून वर पुन्हा नंबर लिहायचा त्रास कशाला? गेल्या वर्षीच्या मखराचा गुलाबी ऑइलपेंट उरला होता. हा पहाटे उठला आणि सगळ्या दारांवर गुलाबी नंबर घालत गेला. एक ते अडतीस. माझ्या दारावर सव्वीस. नळाच्या टाकीवर सत्तावीस घातला होता, मग "राहण्यासाठी नाही" असं खाली लिहिलं. कोंबड्यांच्या खुराड्यावर नंबर घातला नाही, पण मला विचारून गेला, घालायचा का.

मग आम्ही वाट बघत बसलो. शेजारच्या लायनीत मोजणी झाली. वरच्या लायनीत झाली. आमच्याकडे कोणी येईना. टायमिंग टाय लावून पायऱ्यांवर. चार दिवस गेले, पाच गेले. सहाव्या दिवशी हा महापालिकेच्या शाळेत गेला, कारण मोजणीच्या बाई तिथे शिकवायच्या. दुपारी परत येऊन पायऱ्यांवर बसला. मी पायऱ्या चढत होतो. त्याच्या समोरून गेलो. तो "आला" म्हणाला नाही.

मी चार पायऱ्या परत उतरलो. "काय झालं रे?"

"बाई येऊन गेल्या," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. मी आत आरशापुढे टाय बांधत होतो तेव्हा. दारांवर नंबर बघितले. त्यांना वाटलं दुसरं कुणी आधीच मोजून गेलंय. परत फिरल्या."

"मग त्यांना सांगितलंस ना?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, हे नंबर कुणी घातले? मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, तुम्ही कोण? मी म्हटलं, कोणी नाही." त्याने टायची गाठ ओढून सैल केली. "अख्खी चाळ राहिली, अध्यक्ष. माझ्यामुळे. एकट्या माझ्यापुरतं होतं तेव्हा ठीक होतं."

दुसऱ्या दिवसापासून तो रॉकेलचा डबा आणि फडकी घेऊन दारोदार. ऑइलपेंट तो. घासला की पसरतो. तीन दिवसांत आमची सगळी दारं अशी झाली की जशी होळी फक्त लाकडावर खेळली. बायका शिव्या देत होत्या, हा घासत होता. नंबर पुसले, मग हा सकाळी शाळेच्या गेटवर जाऊन उभा राहायला लागला. बाईंना काही बोलायचा नाही. आत जाणाऱ्या पोरांकडे बघून फक्त "आला, आला, आली, आला." बेल झाली की बाईंना आकडा सांगायचा. तिसऱ्या दिवशी पोरंच त्याच्यापुढे थांबून "आला म्हणा ना आजोबा" करायला लागली आणि प्रार्थनेला उशीर व्हायला लागला. शेवटी मोठ्या बाईंनी आमच्या बाईंना सांगितलं म्हणे, काय ते करा, पण ह्या माणसाची चाळ मोजून टाका.

बाई आल्या त्या फेरीच्या शेवटच्या दिवशी. पंचविशीतली पोरगी, घामाघूम, हातात मोबाइल, कारण आता सगळं मोबाइलवर. तिची पिशवी टायमिंगच्या खांद्यावर. हा पुढे, ती मागे. दार ठोकायच्या आधी हा आत ओरडायचा, "प्रमुख बाहेर या! धान्य आठवून ठेवा!" शेजारी बायकोकडे बघत म्हणाला, "भाकरी." सगळं सरळ चाललं होतं.

मी पायऱ्यांवर उभा होतो. बाई मंडळाच्या खोलीशी आल्या.

"इथे कोण राहतं?"

"कोणी नाही," टायमिंग म्हणाला. "मंडळाचं ऑफिस. सामान असतं."

त्याच्या मागे दार उघडंच होतं. बाईंनी आत बघितलं. "ही लुंगी कोणाची?"

"मंडळाची."

"आणि तो आरसा?"

"गणपतीचा."

"दाढीचा ब्रश?"

त्याने दार थोडं ओढून घेतलं. "सामान," म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. रागाने नाही. सेकंड शिफ्टवाला मुकादमाकडे बघतो तसं. सगळं नीट आहे, कागदाप्रमाणे आहे, असं. बाईंनी मोबाइलवर बोट ठेवलं आणि खोली ऑफिस म्हणून नोंदली. माझ्या ट्रंकेत तळाला तो स्टँप पेपर होता. मला उगाच तहान लागली. मी घरात गेलो आणि दार लावून पाणी प्यायलो.

बायको भात वाढायच्या तयारीत होती. "ओ, काय झाला?"

"काय नाय. तू गप रव."

बाहेर त्याचा आवाज आला. "हे सव्वीस नंबर बंद लिहा, बाई. माणसं आहेत आत, पण प्रमुख आडमुठा आहे."

मी दार उघडलं.

"आजोबा, नमस्कार," बाई म्हणाल्या. "घरात माणसं किती?"

"माणसं मी मोजत नाही," मी म्हटलं. "आईचा दंडक आहे. आत या. ताटं मोजा."

बाईंनी टायमिंगकडे बघितलं. त्याच्या नियमात हे बसत नव्हतं. बाई थकलेल्या होत्या. चपला काढून आत आल्या आणि मांडणीपुढे उभ्या राहिल्या. मी, बायको, मुलगा, सून, नात, म्हणजे गोल ताटं पाच. आणि शेवटचं कप्प्यांचं.

"सहा," बाई म्हणाल्या. "हे वेगळं कोणाचं?"

"ता त्येचा," बायकोने झारा दाराकडे केला. "भायर उभो आसा त्येचा. नऊ वर्सां झाली."

"नाही नाही नाही," टायमिंग उंबऱ्यावरून म्हणाला. "माझं ताट असतं फक्त. मी तिथे..." आणि थांबला. मंडळाच्या खोलीत कोणी राहत नाही, हे त्याने आत्ताच सरकारला सांगितलं होतं.

"मग तुम्ही राहता कुठे, काका?" बाईंनी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं.

"अख्ख्या चाळीला भोंग्यावरून कुणी शिकवलं रे?" मी म्हटलं. "एक चूल, एक कुटुंब. जो ज्या चुलीवर जेवतो तो त्या घरचा. आता तुझ्यावर आलं तर वाचा बसली काय?"

"पण झोपणं, अध्यक्ष? नियमात झोपणं पण येतं."

"झोपतोस ते सामान राखायला. कामावर. कागद आहे माझ्याकडे. राहत नाहीस, राखतोस. राहतोस इथे."

भात निवत होता. सून पदराआड हसत होती आणि तिला हसू नको म्हणून मी डोळे वटारले होते. शेवटी तो बाईंकडे वळला आणि टायची गाठ घट्ट करत म्हणाला, "रात्रपाळी धरा, बाई. रात्रपाळीचा माणूस घरचाच असतो. बसतंय नियमात."

"घरात माणसं सहा?" बाईंनी मला विचारलं.

"ताटं सहा," मी म्हटलं.

त्यांनी बोट टेकवलं. टायमिंग म्हणाला, "बाई, एक मिनिट. बघू जरा." खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला, लावला. बाईंनी मोबाइल त्याच्यापुढे धरला. त्याने तो सहाचा आकडा बराच वेळ बघितला. गेटवर कार्ड बघायचा तसा, खरं-खोटं तपासून.

"आला," तो म्हणाला.

मग वाकून चपला काढल्या, भिंतीला सरळ लावल्या आणि उंबरा ओलांडून आत येऊन बसला. पाठ न करता.